म्हाळू, सहा कर्णे आणि वस्तादांचा कान

“वाजेल,” द्वारकाआत्या म्हणत होती.

“नाही वाजणार,” रंगराव वस्ताद म्हणत होते.

मधे स्पीकरचं मशीन धुमसत होतं.

देवळासमोर भांडण चांगलं रंगात आलं होतं. रंगराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा डावा कान मोडलेला. तो आखाड्यात मोडला हे ते चहा पिताना सांगत, बारशात सांगत, मयतीतही सांगत. त्यांचं म्हणणं असं, की गेल्या साली मागच्या ओट्यावरच्या बायकांना एक शब्द ऐकू आला नाही. बायकांची एवढी काळजी त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होती, कारण त्यांचा डीजेवाला भाचा गाडी घेऊन वेशीपाशी थांबला होता. आज मागे आवाज पोचला नाही, तर पुढच्या सालापासून जत्रेचा स्पीकर भाच्याचा. आजवर तो आत्याचा होता, आणि तिचा जीव ह्या एका कामात. नवरा गेल्यावर मशीन खोलून, झटके खाऊन ती सगळं आपलं आपण शिकली होती. जत्रा गेली की मशीन माळ्यावर आणि आत्या दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला.

धूर काढला होता म्हाळूने. म्हाळू तिच्या भावाचा मुलगा, लग्नाला आलेला घोडा. गावात एक भोळा असतोच, पण आमच्या गावाने शेजारच्या दोन गावांचा वाटाही उचलला होता.

सकाळी आत्या म्हणाली होती, “सगळे कर्णे मशीनला जोड.” म्हाळूने सहाही कर्ण्यांच्या तारा एकत्र पिळल्या आणि मशीनच्या मागे एकाच जागी खोचल्या. बटण दाबलं. मशीन एकदा कण्हलं आणि गप्प झालं.

“अरे, एकट्याच्या उरावर सगळे बसवतात का?” आत्या म्हणाली. “पहिल्याला द्यायचं, पहिल्यातून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. म्हणजे देणाऱ्यावर ओझं येत नाही.”

“समजलं,” म्हाळू म्हणाला. त्याला लगेच समजायचं. भीती त्याचीच होती.

आत्याने घरून जुनं मशीन आणलं, आणि हा मधे नको म्हणून त्याला महाप्रसाद वाढायला पाठवलं. पंगत बसली होती. पहिल्या पानावर शाळेचे हेडमास्तर. म्हाळूने त्यांच्या पत्रावळीवर भात ओतला. मग आणखी भात. मग साऱ्या पंगतीची आमटी. हेडमास्तर दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणत होते. म्हाळू म्हणाला, गुरुजी, तुम्ही पुढच्याला सरकवा, म्हणजे देणाऱ्यावर ओझं येत नाही. आमटी धोतरातून सरकली. पंगत कोरड्या पानावर हात ठेवून बघत राहिली.

आत्या खांबावर चढली होती, ती वरूनच बोलली. माणसं म्हणजे कर्णे नव्हेत. माणसाला द्यायचं ते प्रत्येकापुढे जायचं, वाकायचं आणि वेगवेगळं द्यायचं.

“समजलं,” म्हाळू म्हणाला.

दुपारी पोरांच्या नारळाच्या कुस्त्या लागायची वेळ झाली. ओट्याकडच्या कर्ण्यांची जोडणी तेवढी राहिली होती. आत्याने म्हाळूला सांगितलं, कुस्त्या सुरू होतायत हे लोकांना सांग. म्हाळूने माइक खाली ठेवला. पहिल्या माणसापुढे गेला, वाकला आणि म्हणाला, कुस्त्या सुरू होतायत. मग दुसऱ्यापुढे. मग तिसऱ्यापुढे. एक म्हातारा झोपला होता, त्याला उठवून सांगितलं. म्हाळू बायकांच्या ओट्याशी पोचला तेव्हा नारळ जिंकलेली पोरं नारळ फोडून खोबरं खात होती.

रंगरावांना कोण आनंद. “बघा,” ते म्हणाले, “मागं आवाज जातो. पण चालत.” आणि त्यांनी भाच्याला गाडी आत घ्यायला निरोप धाडला.

ओट्याकडचे कर्णे जोडून आत्या खांबावरून उतरली. हात काळे, डोळे लाल. “म्हाळ्या, हे मशीन मी काय पूजेला आणलंय? ह्यापुढं कुणी काही सांग म्हणालं, तर माइकसमोर उभं राहायचं आणि एकदाच, ठणठणीत, साऱ्या गावाला सांगायचं.”

“समजलं,” म्हाळू म्हणाला.

मग आत्या आणि रंगराव आखाड्याच्या कडेला पुन्हा भिडले. आत कुस्ती लागली होती, पण लोक ह्यांचीच बघत होते. ओट्यावरून हे सगळं बघत होत्या हौसाबाई, रंगरावांच्या बायको. भाच्याच्या डीजेने घरातली भांडी फडताळावरून उड्या मारतात, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी म्हाळूला बाजूला बोलावलं, त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि आत्याला हळूच सांग म्हणून काहीतरी सांगितलं.

म्हाळू थेट माइकसमोर गेला. घसा साफ केला.

“आत्या, हौसाकाकींनी हळूच सांगायला सांगितलंय. वस्ताद फार बोलायला लागले तर त्यांच्याकडं म्हशीची चौकशी कर. त्यांचा कान आखाड्यात मोडलेला नाही. धार काढताना म्हशीनं लाथ घातली. लंगोट त्यांनी जन्मात बांधलेला नाही. हे कुणाला कळू देऊ नको.”

सहाही कर्णे बोलले. देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. आखाड्यातल्या दोन पैलवानांनी एकमेकांना धरलं होतं ते तसंच धरून ठेवलं. भाच्याने गाडी बंद केली. आत्याने कपाळावर काळा हात मारून घेतला. तिच्या लेखी जत्रा संपली होती.

रंगरावांचा हात आपोआप कानावर गेला. ते म्हणाले, मशीन भिकार आहे, नुसती खरखर होती, कुणाला काही कळलं नाही. तो काय बोलला हे आपल्यालाच कळलं नाही, तर मागे बायकांना काय कळणार. विचारा हवं तर.

सगळ्या गावाने मान वळवून ओट्याकडे पाहिलं.

हौसाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मागं पार शेवटच्या बाईपर्यंत शब्द न् शब्द लख्ख आला, पुढच्या साली पण द्वारकाबाईचाच स्पीकर सांगा.”