हौसाचा बांध आन् केरबाची चाळन

गाडली म्हनं! कुनी गाडली? आमचा थोरला, दत्तूआण्णा, तिकडं पारावर बसून सांगतोय, हौसाला जित्ती बांधात गाडली म्हनून बांध टिकला. थोबाड फोडीन त्येचं, थोरला असला तरी. हितं बसा. झालं त्ये मी सांगतो.

लई सालं झाली त्याला. तवा ह्या करंजटेकाला पानी न्हवतं. वढा पावसात धावायचा आन् दिवाळीला कोरडा. गावानं दगडचुन्याचा बांध घालायचं ठरवलं. केरबा गवंडी मुख्य. त्येच्यासारखा हात दुसऱ्या कुनाचा न्हवता, असं म्हंत्यात. चुना लोन्यासारखा मऊ. भिजवून महिनाभर ठेवायचा, मग बारीक चाळनीनं चाळायचा. बोटाला खडा लागला तर आख्खं घमेलं वढ्यात.

पर चुना पुरंना. मग गावानं अर्धा बांध हौसाला दिला. हौसा चुन्याच्या घानीवरची बाई, नवरा दगडाच्या खानीत मेलेला. ती भाजलेली चुनखडी वाळूसंगट तशीच घानीत टाकायची आन् वरनं पानी. चुना रटरटायचा, वाफा निघायच्या, आन् गरम हाय तवरच बैल हाकून दगडी चाक फिरवायची. चुन्यात तांदळाएवढ्या गाठी ऱ्हायच्या.

केरबा हसला. "बये, पिठलं हाटलंस व्हय? गाठी बघ किती!"

हौसा म्हनली, "असूं द्या, भाऊ. शिदोरी हाय ती. भिंतीला पुढं लागंल."

बांध झाला. पहिल्याच पावसात दोनी बाजूंना तडे गेले. केरबाकडचा तडा रुंदावतच गेला. हौसाकडच्या तड्यात पानी शिरलं, गाठी भिजल्या, इरघळल्या, आन् तड्याच्या तोंडावर पांढरी साय धरली. पंधरा दिसांत तडा मिटला. भिंतीला दूध आलं, असं म्हंत्यात.

बाया हौसाच्या भिंतीला हात लावून पाया पडायच्या, त्ये केरबाला बघवंना. एक दिस भर दुपारी त्येनं छिन्नी घेतली आन् तिच्या भिंतीत मनगट जाईल एवढी भेग पाडली. भेगंतनं दूध गळलं, भेग मिटली. त्येनं परत पाडली, ती परत मिटली. सात येळा पाडली, असं म्हंत्यात, आन् सातव्या टायमाला भेग मिटली ती छिन्नी आत घेऊनच. अजून हाय तिथं. लोखंडाचं डोकं दिसतंय, जाऊन बघा.

तवर त्येचीच बाजू फुटाय आली. खालची आळी वाहून गेली असती. केरबा गपचिप हौसाच्या दारात गेला, हातातली चाळन तिच्याम्होरं ठेवली. तिनं ती खुंटीला टांगली आन् म्हनली, "बैल थकल्यात, भाऊ. तुमी खांदा द्या." तीन दिस केरबानं बैलाच्या जागी घानी वढली. बांध सांधला, आळी वाचली. हौसा म्हातारी हून मेली, खोकल्यानं, सोताच्या वाकळंवर. कुनी गाडली न्हाई तिला.

मग ही थाप कुनी उठवली? केरबाच्या पोरांनी. बाईच्या हातात कसब हुतं असं म्हनाय जीभ वळंना, म्हनून तिचा बळी दिला म्हनले. आन् केरबाची पोरं म्हंजे कोन? आमचंच घर. मला बी अजून जळतंय, खोटं कशाला बोलू. बांधाला नाव तिचं, आन् आमच्या म्हाताऱ्याची नुसती चाळन, हौसाच्या खुंटीवरनं काढून टांगलीय बांधाच्या तोंडाला, वाऱ्यावर खडखडत. पर झालं त्ये झालं.

केरबाची बाजू आपसूक मिटत न्हाई. म्हनून दर साली पावसाआधी घराघरातनं वंजळभर चुना येतो, हौसाच्या नावानं, न चाळता. त्या दिशी बैल जुपत न्हाईत. आमच्या घरचा थोरला घानीला खांदा देतो, तवाच चाक हलतं. तीन सालं आण्णा आला न्हाई. तीन सालं भेगा तशाच उघड्या हायत, आन् आभाळ भरून आलंय.

उठा. पारावर जावा आन् त्येला धरून हितं आना.