उलटी कोरफड

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात माणसं वाळतात, तिथं झाडांचं काय घेऊन बसलाय. तरी कॉलनीच्या गेटापाशी दोन झाडं टिकलीत. एक चेअरमन हिप्परगीकाकांची बोगनवेल, दुसरी आमच्या रत्नाआत्याची कोरफड.

काकांनी अंगणात मीटिंग बोलावली. "गेटावर एकच झाड शोभतं. महिनाभर दोघांचं पाणी बंद. जे वाळेल ते फेकायचं."

बोगनवेलीची मुळं जमिनीत खोल, कोरफड रंगाच्या डब्यात. काका काय कच्चे नाहीत.

आत्या म्हणाली, "पाणीच कशाला, माती पण बंद करू की."

काका हसले. "मातीशिवाय झाड जगतं होय?"

"तुमच्या दाराला विचारा. नातवाला नजर लागू नये म्हणून मीच दिलेली कोरफड तुम्ही तिथं उलटी टांगलीय. वर्ष झालं, अजून हिरवी आहे. आता बोगनवेल उपटा आणि तिच्या शेजारी टांगा."

सगळे दाराकडे बघायला लागले. मी तर खुर्चीवर चढून बघितलं.

काकांनी कोरफडीच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो डबा गंजलाय, रत्नाताई. उद्या चांगली कुंडी आणून देतो."