शेटजींचे ताक आणि केकचे ताक

एकदा एका तालुक्याच्या गावी अंड्याविना केक शिकवणाऱ्या एक वृद्ध बाई राहत असत. त्यांची शिष्या कुमुद कमालीची निष्ठावान होती. "या केकला ताक लागतंच," असे बाई एकदा सहज म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून कुमुदने ताकाचा संचय आरंभला. फ्रीजमधल्या बर्फाच्या साच्यांतून बर्फ हद्दपार झाला आणि तिथे ताक गोठू लागले. तिच्या यजमानांनी एकदा कोकम सरबतात नकळत त्यातले दोन खडे सोडले. पेल्यात काय झाले ते त्यांनी क्षणभर पाहिले, पेला तसाच ठेवला आणि ते चपला घालून बाहेर पडले.

अशात कुमुदला आयुष्यातली पहिली ऑर्डर मिळाली. गावातले भुसाराचे मोठे व्यापारी असलेले शेटजी आपल्या आईचे सहस्रचंद्रदर्शन करणार होते. आईंना अंडे वर्ज्य, पण केकची हौस दांडगी. हा केक साधला तर गावभर नाव होणार होते. बिघडला तरी गावभरच होणार होते.

केक द्यायच्या दिवशी दुपारी कुमुदने गोठवलेले ताक बाहेर काढले. ते वितळले. वर हिरवट पाणी, खाली पांढरा चोथा. नासले म्हणून तिने सगळे मोरीत ओतले आणि रडवेल्या आवाजात बाईंना फोन केला.

बाई शेजारच्याच गल्लीत राहत. त्या आल्या, मोरीकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अगं, गोठवलेलं ताक वितळलं की असंच होतं. जरा घुसळायचं होतंस. पिण्यात गोडी राहत नाही, पण केकला अगदी चालतं. असो. दूध आहे ना? आणि लिंबू?"

बाईंनी कपभर दुधात मोठा चमचाभर लिंबू पिळले आणि ते दहा मिनिटे तसेच ठेवले. दूध जरासे फुटून दाटसर झाले.

"बाई, हे ताक नव्हे!" कुमुद कासावीस झाली. "ही तर शेटजींची फसवणूक!"

"ओत," बाई म्हणाल्या.

तिने ओतले. केक भट्टीत गेला आणि असा फुगला, की कुमुदच्या मनात नवी श्रद्धा उगवली. दूध अधिक लिंबू म्हणजे ताक! इतके सोपे असताना आपण महिनोन्महिने फ्रीज का अडवला?

तेवढ्यात शेटजी ठरल्या वेळेच्या बरेच आधी येऊन ठेपले. उन्हाने लालबुंद झाले होते. खुर्चीवर टेकत म्हणाले, "वहिनी, घोटभर ताक मिळेल का हो?"

कुमुदला जणू परीक्षेत पाठ असलेला प्रश्न आला. तिने तत्परतेने दुधात लिंबू पिळले, मीठ आणि जिरेपूड घातली, आणि पेला अदबीने पुढे केला. शेटजींनी मोठा घोट घेतला. तो घशाखाली उतरवायला त्यांना बराच वेळ लागला.

"छान आहे," ते सौजन्याने म्हणाले. "हे... कुठल्या पद्धतीचं?"

बाई आतून आल्या, त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि सगळे त्यांच्यासमोरच मोरीत ओतून दिले. मग माठातले गार पाणी आणून दिले.

कुमुदचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात जाताच ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच ओतलंत?"

बाई म्हणाल्या, "केकला ताक कुठे हवं होतं, कुमुद? त्यातल्या सोड्याला फुलायला आंबटपणा हवा होता. तो लिंबातून आला काय नि ताकातून आला काय, त्याचं काम झालं. शेटजींना आंबटपणा नको होता गं, त्यांना ताक हवं होतं. नव्हतं, तर नाही म्हणायचं आणि पाणी द्यायचं. एखाद्या गोष्टीच्या जागी दुसरी ठेवताना आधी बघावं, समोरच्याला तिच्यातलं नेमकं काय हवंय."

केक खोक्यात घालून कुमुद बाईंबरोबर बाहेर आली. शेटजी उठले, खोक्याकडे पाहत घुटमळले. "एक विचारू? यात ते मघाचं... नाही ना?"

कुमुदने बाईंकडे पाहिले. बाई पंख्याकडे पाहत होत्या.

"आहे," कुमुद म्हणाली. "घरात ताक नव्हतं. दूध आणि लिंबूच घातलंय. तुम्हाला प्यायला दिलं ती माझी चूक झाली. पण केकमध्ये ते चालतं. खाऊन बघा, आणि नको वाटलं तर नेऊ नका."

वरून समतल करताना कापलेला तुकडा तिने बशीत दिला. शेटजींनी भीतभीतच तो तोंडात घातला. चावणे मंदावले. डोळे मिटले.

"आईला केक पुरेल ना?" त्यांनी विचारले. "म्हणजे हे कापलेलं उरलंसुरलं मी इथेच खाऊन टाकतो."

ते गेल्यावर बाईही आपल्या घरी गेल्या. संध्याकाळी कुमुदने भांडेभर दुधाला विरजण लावले. केकची ऑर्डर नव्हती. उद्या उन्हाचे कोणी आले, तर घरात ताक असावे, एवढेच.