मुशीचं उघडं तोंड

प्रवाळ अजून रंगीत होते, तेव्हाची गोष्ट. एका बेटाजवळच्या दोन पुरुष खोल पाण्यात होडीएवढी एक मुशी, म्हणजे शार्क, राहायची. रोज सकाळी एका खडकापाशी येऊन ती तोंड उघडायची आणि बोटाएवढा निळा मासा आत शिरून तिचे दात साफ करायचा.

एके दिवशी पाठीवर हवेचं नळकांडं बांधून कालिंदी तिथे उतरली. तिच्या हातातला कॅमेरा मोठ्या तोऱ्यात होता.

"मला फक्त दात हवेत," तो म्हणाला. "लोकांना तेच आवडतात."

"आवडतात कसले! घाबरतात, आणि मग जाळी घेऊन येतात," मुशी म्हणाली. "जरा माझ्याकडेही बघ की."

"बघतोय ना. दातच दिसतायत."

त्याने अगदी तोंडाजवळ लख्खकन फ्लॅश मारला. मुशी दचकली. शेपटीपर्यंत तिचं अंग थरथरलं. आता जबडा मिटणार, असं कॅमेऱ्याला वाटलं. पण तिने तो तसाच उघडा धरला.

"बाळा, आधी तू बाहेर निघ," ती तोंडातल्या निळ्या माशाला म्हणाली.

फ्लॅश विझवून कॅमेऱ्याने आणखी एकच फोटो काढला. तो फोटो जरासा हलला.

मासा बाहेर आल्यावरच मुशीने तोंड मिटलं आणि ती भेदरून पळाली.

तो हललेला फोटो आज कालिंदीच्या भिंतीवर आहे. पाहुणे हळहळतात, "अरेरे, गिळलं बिचाऱ्याला!"

कालिंदी त्यांना जवळ नेते. "नीट बघा. तो बाहेर येतोय."