माहुलबोडीचा मुका हुतूतू

माहुलबोडीला येणाऱ्या पाहुण्यांना आधी तलाव दिसत नाही, पाळ दिसते. गावाच्या उशाशी आडवी पडलेली मातीची लांबलचक पाळ. मधोमध ती एवढी रुंद आहे की दोन बैलगाड्या शेजारून जाव्यात. सकाळी लवकर आलात तर तिथे पोरं हुतूतू खेळताना दिसतात. एक पोरगी रेघ ओलांडून आत घुसते, कोणी तिचा पाय धरतं, कोणी कमरेला मिठी मारतं, उघड्या पायांचा धपधप आवाज येत राहतो. पण एवढ्या झटापटीत कोणाच्या तोंडून शब्द निघत नाही. नुसते फुगलेले गाल आणि दाबलेलं हसू. शहरातला माणूस हमखास विचारतो, ही मुलं मुकी आहेत का?

पाहुण्यांना तलाव दाखवायला बहुतेक अंतारामजी कापगते असतात. ते हसतात. "मुके कायचे जी. एकेकाचा आवाज ऐकान त कान झाकान. तोंडात पानी आहे त्यायच्या." मग ते पाळीच्या पायथ्याच्या घराकडे बोट दाखवतात. दाराबाहेर दगडावर पाण्यानं भरलेला पितळी गडवा ठेवलेला असतो. "तो गडवा बाहेर आहे म्हंजे आत कोनी झोपून आहे." एवढं बोलून ते पाळीवर बसतात, आणि पाहुण्यांनाही बसावं लागतं.

असे सांगतात की हा तलाव कोणी बांधला ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो राखायचा कसा ते सगळ्यांना ठाऊक होतं. मातीच्या पाळीला खेकडे बिळं पाडतात. भादव्यात तलाव काठोकाठ भरला की पाणी तसल्या एखाद्या बिळातून वाट काढतं, आणि सकाळपर्यंत बिळाचं भगदाड होतं. पाळ फुटली तर खालच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, सगळा धान वाहून जाणार आणि गाव वर्षभर उपाशी राहणार. म्हणून पावसाळाभर रात्रीचा एक राखणदार पाळीवर फिरत असे. त्याची झोपडी पाळीवरच होती, रुंद जागेला लागून.

त्या काळी राखणदार होता फागू. आईबाप लहानपणीच गेलेले, मागे फक्त धाकटा भाऊ सुकरू. फागूनं त्याला खांद्यावर बसवून वाढवला होता म्हणे. फागू दुसऱ्या एका गोष्टीसाठीही गावाला ठाऊक होता, ती म्हणजे हुतूतूतला त्याचा दम. पावसाळ्यात गावभर चिखल, कोरडी सपाट जागा काय ती पाळीवरची. ऊन वर आलं की पोरांना गुरांमागे जायचं असे, निंदायला जायचं असे. खेळायला मिळे ती तेवढी सकाळ. रात्रभर फिरून आलेला फागू झोपायच्या आधी त्यांच्यात एक डाव खेळायचाच. तो दम घुमवत निघाला की पाण्याला आलेल्या बाया घागर अर्धी भरून तशाच उभ्या राहायच्या, असं जुनी माणसं सांगत.

एका भादव्यात पाळीला त्या रुंद जागेखालीच भोक पडलं. फागूनं पाण्यात उतरून भोकाला पाठ लावली आणि गावाला हाका मारल्या. गाव आलं. चिखल, गवताच्या ढेपा, गोणपाट, जे मिळेल ते आणून पाळ बुजवली. धान वाचला. फागूला बाहेर काढला तेव्हा तो गार पडला होता.

सुकरू तेव्हा कोवळाच होता, नुकती मिसरूड फुटलेली. डोक्यानं तापट, कोणाकडे काही शिकायला म्हणून कधी बसला नाही. गावानं विचारायच्या आधीच त्यानं भावाची काठी उचलली आणि पाळीवर जाऊन उभा राहिला. तो रडला नाही. लोकांना वाटलं, पोरगं घट्ट आहे.

पण त्याची झोप गेली होती. रात्रभर तो त्याच जागेवरून येरझाऱ्या घाली. सकाळी भावाच्या चटईवर पडे. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर पोरांचा दम घुमू लागे. हुतूतूतूतू. अर्ध्या झोपेत सुकरूला वाटे, फागू खेळतो आहे, आता दारात येईल आणि म्हणेल, सरक रे तिकडं. तो धडपडत दाराशी जाई. बाहेर नुसती पोरं असत. हे रोज सकाळी होई. रोज सकाळी त्याचा भाऊ त्याच्यापुरता परत यायचा आणि परत जायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पोरांच्या अंगावर मात्र तो खेकसायचा, ती पळून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

असा न झोपलेला माणूस किती दिवस जागणार? एका पहाटे काठीला टेकून उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. भागरथाबाई नावाची ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची, बायको पाण्याला आली होती. तिला पाळीच्या पायथ्याशी पाण्याची धार उडताना दिसली. तिनं बोंब मारली म्हणून गाव धावलं आणि पाळ कशीबशी राहिली.

चिखलानं भरलेली माणसं तिथेच उभी राहिली. पाटलानं विचारलं, "सुकरू, झोपला होतास?"

"झोपलो होतो."

"राखनदार झोपते त राखन कोन करन?"

"सकाळी तुमचे पोट्टे झोपू देत नाईत. मंग रातच्याले डोळा लागते."

बिसन नावाचा एक जण पुढे झाला. त्याची चार पोरं त्या खेळात होती. "दिवसभर ढोरामागं असतात पोट्टे. तेवढी एक सकाळ त्यायची. आता काय तोंडं बांधून ठेवाव त्यायची?"

"तोंडं बांधा का पाय बांधा. मले सांगू नका."

"फागू होता तवाबी खेळतच होते. तो नाई झोपत होता का?"

सुकरू सरळ बाभळीच्या बनात गेला. अंगात वारं शिरल्यासारखा फांद्या तोडत राहिला, ओढत वर आणल्या आणि पाळीवरच्या त्या सगळ्या रुंद जागेवर काटे पसरून टाकले. पोरांचा रेघ मारायचा दगड होता तो त्यानं तलावात भिरकावला. गाव बघत राहिलं. पाटील म्हणाला, राहू द्या, पाळ वाचली पाहिजे, पोरं दुसरीकडं खेळतील.

दुसरीकडं चिखल होता. पोरं खेळलीच नाहीत. सकाळी उठून ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची, आणि ऊन आलं की कामाला जायची.

आता सुकरूला झोप यावी की नाही? पाळ एवढी शांत झाली की पाण्यावर उतरणाऱ्या बदकाच्या पंखांचा आवाज झोपडीत येई. तो चटईवर पडून राही आणि कान बाहेर लागलेले. कोणी हुतूतू म्हणत नव्हतं, म्हणून भाऊ क्षणभरसुद्धा येत नव्हता. पूर्वी जी गोष्ट रोज सकाळी टोचायची, तीच आता तो शोधत होता. काटे त्यानं पोरांना टाकले होते, वाट मात्र भावाची बंद झाली होती.

शेवटी त्यानं गाठोडं बांधलं. दुसरा राखणदार बघा, असं पाटलाला सांगून निघायचं ठरवलं. पाळ उतरताना भागरथाबाई समोरून आली, हातात पाण्याचा गडवा.

"काहून रे, कुठं निघाला?"

"जातो काकी. झोप येत नाई. आवाज असला तरी येत नाई, नसला तरी येत नाई."

भागरथाबाईनं गडवा खाली ठेवला. "मले एक सांग. तुले आवाज नको का पोट्टे नको?"

सुकरूनं मागे वळून काट्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोट्टे पायजेत."

"मंग काटे उचल."

दोघांनी मिळून काटे उचलले. सुकरूचे हात रक्तानं भरले, पण त्यानं एकही काटा तिच्या हाताला लागू दिला नाही, असे सांगतात. काटे उचलता उचलता भागरथाबाई आपल्या घरची गोष्ट सांगत होती. तिचा नवरा रात्रभर तलावात जाळ्यावर असे आणि दिवस उगवल्यावर झोपे. घरात लेकरं चिमणीएवढी. दटावून लेकरं गप बसतात थोडीच? मग ती काय करी, तर सकाळी उठल्या उठल्या प्रत्येकाला गडव्यातलं एक घोट पाणी तोंडात धरायला लावी आणि मगच अंगणात सोडी. पाणी सांडलं तो घरात परत. ढिवरांच्या सगळ्या घरात तसंच करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोच गडवा सुकरूच्या झोपडीबाहेर ठेवला आणि पोरांना बोलावून हळू आवाजात खेळ समजावला. पोरांनी लगेच अडचणी काढल्या.

"पन मावशी, दम कसा मोजाचा? तोंडात पानी असन त हुतूतू कोन म्हनन?"

"पानी सांडलं का दम तुटला. झालं."

"आन गिळलं त?"

"गिळलं तरी बाद."

"मंग बुध्याले घेऊ नका," बिसनची मोठी पोरगी म्हणाली, "तो सगळंच गिळते."

आणि खेळ सुरू झाला. पाणी तोंडात धरून घुसायचं, समोरचे वेडीवाकडी तोंडं करून हसवणार, आपण हसायचं नाही. झोपडीत सुकरू चटईवर डोळे उघडे ठेवून पडला होता. शब्द येत नव्हता. येत होती ती पायांची धपधप, जमिनीतून वर, चटईतून पाठीला लागणारी. फागू रात्रीचा पाळीवरून फिरायचा तेव्हा लहानग्या सुकरूला झोपेत असेच पाय ऐकू यायचे. तो कुशीवर वळला आणि झोपला.

उठला तेव्हा ऊन तलावावर पसरलं होतं. पोरं गुरांमागे गेली असतील असं त्याला वाटलं. दारात आला तर सगळी तिथेच उभी, गाल फुगवून. आधी कोणी थुंकायचं यावर अडलं होतं म्हणे. सुकरूनं गडवा उचलला, उरलेलं पाणी प्यायला आणि गडवा आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन रेघेवर उभा राहिला. भाऊ गेल्यापासून तो खेळला नव्हता. त्यानं दम घेतला आणि घुमवत आत शिरला. हुतूतूतूतू. पाण्यावरच्या बायांनी वळून पाहिलं. आवाज फागूचाच होता, तोच लांब, तोच खालून वर चढत जाणारा. पार आत गेला आणि तिथे त्याचा आवाज फाटला. दम तुटला. पोरांच्या घोळक्यात उभा राहून तो रडायला लागला, त्या सगळ्या दिवसांचं एकदम.

खेळाच्या नियमानं तो बाद होता. नुसता हात लावायचा होता. कोणी लावला नाही. बुध्या म्हणाला, "जा ना काका, दम आहे अजून." तो हळूहळू चालत रेघेपर्यंत परत आला, आणि पोरांनी त्याला वाट करून दिली.

सुकरू म्हातारा होईपर्यंत पाळीवर राहिला. पुढे एका वर्षी असा पाऊस झाला की आसपासच्या गावांचे तलाव फुटले. माहुलबोडीची पाळही ठिकठिकाणी पाझरली, पण जिथे पोरं खेळत तिथून थेंब आला नाही. गाव म्हणतं, फागू अजून आत पाठ लावून उभा आहे. अंतारामजींचं म्हणणं वेगळं. इतक्या पोरांच्या इतक्या पायांनी ती माती बसली, दगड झाली. पण त्यावर ते कोणाशी वाद घालत नाहीत. तिथून जाताना चपला मात्र हातात घेतात.

आजही ज्या घरात कोणी रात्र जागून झोपलेलं असतं त्या घराबाहेर गडवा असतो. राखणदाराची झोपडी आता राहिली नाही. झोपणारे वेगळे आहेत. भातगिरणीत रात्रपाळी करणारा पोरगा, दवाखान्यातून सकाळी परतणारी नर्सबाई, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं कोणी. पोरं त्यातलं घोटभर पाणी तोंडात घेतात आणि खेळतात. गडवा आत गेला की आरडाओरडा सुरू. मात्र त्याआधी उठलेल्या माणसानं एक चढाई करायची असते, मग तो कितीही म्हातारा असो, आणि त्याचा दम तुटला तरी तो बाद नसतो.

परवा बाळंतपणाला माहेरी आलेली बिसनच्या वंशातली एक पोरगी उठून बाहेर आली. लेकरू रात्रभर रडलं होतं, आता तेच कडेवर टकामका बघत होतं. तिनं गडवा आत ठेवला, लेकराला नीट धरलं आणि रेघेवर येऊन दम घेतला. हुतूतू हे दोनदाही झालं नाही तोच तिला हसू फुटलं. पोरांनी हात पाठीमागे बांधले आणि ती सगळ्यांमधून फिरून परत येईपर्यंत तशीच उभी राहिली.