तांबड्या मातीची साक्ष

फार पूर्वी वेत्रवती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका मल्लाच्या घरी जन्म घेतला होता आणि त्याचे नाव शालक असे होते.

कुस्तीत शालक सहसा हरत नसे. पण नगरात त्याची चर्चा होई ती त्याच्या नेमांमुळे. त्याच्या आखाड्यात येणाऱ्याला पहिले सहा महिने नुसती माती खणावी लागे. "जिच्यावर दुसऱ्याला पाडायचे, ती आधी मऊ करायला शिका," असे तो म्हणे. पुष्कळ जण पंधरा दिवसांत कुदळ टाकून पळत आणि शालकाचे डोके फिरले आहे असे गावभर सांगत सुटत. दर अष्टमीला तो आपला उजवा हात कमरेला बांधून खेळे. ज्या हाताचा फार भरवसा वाटतो तो माणसाला आळशी करतो, असे त्याचे मत होते. त्या दिवशी नवशिकेसुद्धा त्याला लोळवीत आणि तो खदखदून हसे. तिसरा नेम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. समोरच्याच्या दुखऱ्या अंगाला हात घालायचा नाही, हा नेम त्याने बापाच्या पायाशी बसून घेतला होता.

एका वर्षी शेजारच्या शृंगपूरचा राजा उग्रतेज याने सीमेवरच्या जत्रेतून वेत्रवतीचे सतरा विणकर पकडून नेले. त्यांत शालकाची बायको रोहिणी हिचा एकुलता एक भाऊ सोनक होता. भद्रसेनाचे सैन्य तोकडे होते. उग्रतेजाला कुस्तीचा भारी षोक, म्हणून त्याने निरोप धाडला, "माझ्या धूम्रकाला तुमच्या मल्लाने चीत केले तर विणकर सोडतो. नाही तर ते जन्मभर माझ्याच मागावर बसतील."

ठरल्या दिवशी वेत्रवतीच्या मैदानात दोन्ही राजे आपापल्या सैन्यासह आले. विणकरांना बेड्या घालून एका बाजूला बसवले होते. सोनक इतका वाळला होता की रोहिणीला तो आधी ओळखूच आला नाही.

घामाने अंग निसटू नये म्हणून कुस्तीआधी मल्लांनी एकमेकांच्या अंगाला माती चोळायची, अशी त्या देशांची रीत होती. बहुतेक जण मूठभर माती फासून मोकळे होत. शालक मात्र भावाला न्हाऊ घालावे तशी माती लावी. धूम्रकाच्या उजव्या खांद्यावर त्याचा हात गेला तेव्हा खांदा सुजलेला आणि तापलेला लागला. तो धिप्पाड माणूस कळवळला.

"हे केव्हाचे?" शालकाने हळूच विचारले.

"चार दिवस झाले, घोड्यावरून पडलो. बोलू नकोस. राजाला ठाऊक आहे. खेळलो नाही तर घराला आग लावीन म्हणालाय."

शालकाने त्या खांद्यावर हलक्या हाताने तांबडी माती सारवली आणि तो पाणी प्यायला आपल्या बाजूला आला. रोहिणी तिथेच उभी होती.

"त्याचा उजवा खांदा दुखतोय. कळवळताना पाहिलं मी," ती म्हणाली. "तोच हात ओढा. क्षणात आटोपेल."

"तो हात मला धरता येणार नाही, रोहिणी."

"माझा भाऊ बेडीत आहे! तुमचा नेम त्याच्याहून मोठा झाला का?"

"सोनकासाठी जीव देईन मी. पण सोयीचा असेल तेवढाच पाळायचा, तर त्याला नेम कशाला म्हणायचं?"

रोहिणीने तोंड फिरवले. शालकाला फार वाईट वाटले. आपण जिंकूच याची त्याला खात्री नव्हती, कारण समोरच्याचा उजवा हात धरून त्याला खांद्यावरून फेकणे हाच त्याचा हुकमी डाव होता.

कुस्ती लागली. धूम्रक दुखणे गिळून खेळत होता आणि त्याची ताकद अफाट होती. एकदा त्याचा तोल गेला आणि उजवा हात आपसूक शालकाच्या पुढ्यात आला. शालकाने पुढे गेलेला आपला हात आवरला. मैदानभर हळहळ उठली. तेवढ्यात धूम्रकाने त्याला कमरेत धरून उचलले आणि खाली आपटले. शालकाचा एक खांदा मातीला लागला, दुसरा चार बोटे वर राहिला. रोहिणीने डोळे मिटून घेतले.

पण माती खणून खणून शालकाची मान आणि पाठ लोखंडासारखी झाली होती. तो डोके रोवून कमान करून उठला, गर्रकन फिरला आणि त्याने धूम्रकाचा डावा हात धरला. आजवर अष्टमीला उजवा बांधून ज्या डाव्या हाताने तो पडत आला होता, त्याच हाताने त्याने तो देह डाव्या खांद्यावर घेतला आणि फेकला. धूम्रक डाव्या कुशीवर पडला आणि दुसऱ्या क्षणी त्याची पाठ मातीला लागली.

वेत्रवतीने एकच जल्लोष केला. पागोटी उडाली, नगारे झडले. तोच उग्रतेज उठून ओरडला, "थांबा! माझ्या मल्लाचा खांदा दुखावलेला होता. दुखऱ्या माणसाला मोडून मिळवलेली जीत मी मानत नाही!"

नगारे थांबले. धूम्रक धडपडत उठला. आपल्या राजापुढे जाऊन त्याने उजवा खांदा पुढे केला.

"महाराज, नीट पाहा. माझ्या सगळ्या अंगावर त्याच्या बोटांच्या खुणा आहेत. मान पाहा, कंबर पाहा, डावा हात पाहा. या खांद्यावर त्याने सारवलेली माती आहे तशीच आहे. याला सुरुवातीलाच कळलं होतं. मीच सांगितलं होतं."

उग्रतेजाने पाहिले. भद्रसेनाने पाहिले. दोन्ही सैन्यांनी माना उंचावून पाहिले. त्या खांद्यावर तांबडी माती नुकत्या सारवलेल्या ओट्यासारखी अभंग होती. उग्रतेजाच्या स्वतःच्या सैनिकांनीच शालकाचा जयजयकार केला, तेव्हा त्या राजाला खाली पाहून बेड्या तोडण्याचा हुकूम द्यावा लागला. धूम्रकाच्या घराला हात लावण्याचे धाडसही मग त्याला झाले नाही.

सोनक धावत बहिणीकडे आला. तिने त्याला पोटाशी धरले, पुष्कळ रडली, आणि मग डोळे पुसून कोमट तेलाची वाटी मागवली. ती वाटी घेऊन ती आधी धूम्रकापाशी गेली. शालकाकडे वळून म्हणाली, "आज तो हात धरला असता, तर माझा भाऊ बेडीतच राहिला असता."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा धूम्रक आज इथे बसलेला भिक्खू सोमक आहे. रोहिणी ती भिक्खुणी विमलिका. सोनक होता तो हा दारातला उपासक, आणि मल्ल शालक मी स्वतः होतो. हरण्याची भीती समोर उभी असतानाही घेतलेला नेम ढळू न देणे, याला अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात. ती मी त्या मातीत शिकलो."