हळदीची बोटं

सांगलीचे प्रकाशक तात्यासाहेब शेंडगे हस्तलिखितं घरी नेत आणि महिन्याने परत करत. आठवीत शाळा सोडलेल्या महादू ढेपेची पहिली कादंबरीही त्यांनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"बाबा रे, दहा पानांपुढे हे कुणी वाचणार नाही."

महादूने मान खाली घालून पानं चाळली. मग हळूच विचारलं, "तात्यासाहेब, आपल्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

"आमची मंडळी. का रे?"

"मग काकूंना विचारा, शेवट कसा वाटला. मी दिली तेव्हा पानं स्वच्छ होती. आता पार शेवटच्या, तीनशे बाराव्या पानापर्यंत कोपऱ्याला हळदीची बोटं आहेत."

तात्यासाहेबांनी घरी फोन लावला. पाच मिनिटं ते नुसतेच ऐकत राहिले. मग फोन ठेवून म्हणाले, "छापायला घेतो. पण पुढचा भाग कधी देतोस, ते तिने विचारलंय."